माहिती पाठवतोय, भाषण नाही

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तरी मी तो हातात धरून बसलो होतो. आई दोनदा खोलीत येऊन गेली. तुझा निरोप वहीत उतरवून घेतलाय, तो असा: "बाबा, सिंह कळपात कसे राहतात आणि शिकार कशी करतात ते सगळं नीट लिहून पाठव. आमच्या गटाचा तक्ता मी एकटीच करणार आहे. त्या चौघी काही करत नाहीत. आणि फक्त माहिती पाठव, भाषण नको."

तर ही माहिती. भाषण नाही. एकच विचारतो आणि मग पुन्हा त्या वाटेला जात नाही. तिथे वसतिगृहात जेवायला कुणाबरोबर बसतेस? तू म्हणालीस, "कोपऱ्यातल्या टेबलावर." मी टेबल नव्हतं विचारलं.

असो. सिंह.

पहिलं वाक्य तक्त्यावर मोठ्या अक्षरांत येऊ दे: मांजराच्या कुळात नर, माद्या, पिल्लं असा कायमचा कळप करून राहतो तो सिंहच. वाघ एकटा, बिबट्या एकटा. चित्त्यांचे भाऊभाऊ जोडीने हिंडतात, पण त्यांच्यातली मादी पिल्लं वाढवून झाली की पुन्हा एकटी. तू रविवारी ठसक्यात म्हणालीस ना, "सिंह कुठे कुणाला विचारत बसतो?" ते तू वाघाबद्दल बोलत होतीस, नाव चुकलं एवढंच. हे भाषण नाही, दुरुस्ती आहे.

दुसरं. सिंह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयाळवाला नर येतो. पण कळप असतो तो सिंहिणींचा. आजी, तिच्या मुली, त्या मुलींच्या मुली, मावश्या, मावसबहिणी. ज्या कळपात जन्मल्या त्यातच त्या बहुधा आयुष्य काढतात आणि आईचा इलाखा पुढे मुली चालवतात. मुलगे दोन-तीन वर्षांचे झाले की बाहेर पडतात, काही स्वतःहून, काही हाकलल्यावर. सख्खे-चुलत भाऊ मिळून टोळी करतात. भाऊ नसेल तर परक्याशीही जोडी जमवतात. मग कुठल्यातरी कळपातल्या नरांना हुसकावून तिथे मुक्काम करायचा. तोही साधारण दोन-तीन वर्षांचा, कारण तोवर त्यांच्याहून दांडगे कुणीतरी येतात. सुमाआत्याला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे राजा भाडेकरू आणि घर बायकांच्या नावावर." हे तक्त्यावर लिहू नकोस. तुमच्या बाईंना आवडेल की नाही कोण जाणे. मला फार आवडलं.

मुलगे जातात, मुली राहतात, हे मी दोनदा वाचलं. दादा गेला तेव्हा मी तयार होतो, निदान तसं म्हणत तरी होतो. तू जाशील, तेही सहावीत, तेही स्वतः फॉर्म भरून, याची कुणी आधी कल्पना दिली नव्हती. कौतुकच आहे. तुझ्या त्या अर्जावरचं अक्षर मी अजून लोकांना दाखवतो.

कळप केवढा असतो याला नेम नाही. कुठे दोघी-तिघी सिंहिणी, कुठे पंधरा-अठरा. बऱ्याच ठिकाणी चार-सहा मोठ्या सिंहिणी, त्यांची पिल्लं आणि एक ते तीन-चार नर. आपल्याकडच्या गीरमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे, ती तक्त्याच्या एका कोपऱ्यात दे. तिथे सिंहिणींचे गट लहान असतात आणि नर बहुतेक वेळ वेगळेच हिंडतात. जोडी जमवताना किंवा मोठी शिकार पडली की तेवढे एकत्र दिसतात. कारण सरळ आहे. आफ्रिकेत झेब्रे, विल्डबीस्ट, रानरेडे अशी मोठी जनावरं; एक पडलं की दहा जणांचं भागतं. गीरमध्ये चितळ जास्त. एका चितळात किती तोंडं जेवणार? 2025 च्या गणनेत गुजरातमध्ये 891 सिंह मोजले गेले. आशियातले रानात राहणारे सिंह तेवढेच, तिथेच. हा आकडा ठळक कर.

आता एक गोष्ट जी मला ठाऊक नव्हती. कळप म्हणजे सगळे सदोदित एका झाडाखाली, असं चित्र आपण काढतो. तसं नसतं. कळपातले सगळे एकाच जागी सापडणं दुर्मीळ. दोघी इकडे, तिघी पलीकडच्या नाल्यात, एखादी दोन-चार दिवस एकटीच. मग परत भेटतात. म्हणजे एखादी दोन दिवस वेगळी बसली तर ती कळपातून गेली असं नाही. हे वाचून मला जरा बरं वाटलं. दोन दिवस. रविवारपासून आज चार झाले.

भेटल्यावर काय करतात माहीत आहे? डोकं डोक्याला घासतात. गालाला गाल, हनुवटीखाली डोकं, मग सगळं अंगच एकमेकांवर रेलून पुढे जातात, आणि घशातून एक हलकासा कण्हल्यासारखा आवाज काढतात. पिल्लं मोठ्यांच्या हनुवटीखाली घुसतात. तू अडीच-तीन वर्षांची होतीस तेव्हा मी घरी आलो की दारातून पळत येऊन पोटात ढुशी द्यायचीस. एकदा माझा चष्मा फुटला होता. जूनमध्ये गेटपाशी मी डोकं पुढे केलं, तर तू इकडेतिकडे बघून हात पुढे केलास. बरोबर आहे, मुली बघत होत्या. तक्रार नाही करत मी. माहिती लिहितोय.

शिकार.

आधी हे समजून घे की सिंह हा पळण्यात फार काही नाही. वेग तसा ताशी 50-60 किलोमीटरपर्यंत जातो, पण थोड्याच अंतरापुरता. दम नाही. झेब्रा आणि विल्डबीस्ट लांब पल्ल्यात त्याला सहज मागे टाकतात. म्हणून आधी जवळ जायचं. साधारण 30 मीटरच्या आत पोचता आलं तर उठावं, नाहीतर पडून राहावं. सगळी करामत त्या आधीच्या तासाभरात असते.

डोळ्यांपुढे आण. काळोखी रात्र, चांदणं नाही. चांदण्यात गवतातलं सगळं दिसतं, त्यामुळे अंधार त्यांच्या सोयीचा. लांबवर चरणारे झेब्रे. चार सिंहिणी. कुणी कुणाला हाक मारत नाही. एक उठते आणि डावीकडून लांबचा वळसा घालायला लागते, पोट जमिनीला लागेल इतकी खाली. झेब्र्याने मान वर केली की पाऊल हवेत असेल तर हवेतच ठेवते. दुसरी उजवीकडून. मधल्या दोघी जागच्या जागी गवतात बसून. त्यांच्या कानांच्या मागे काळे डाग असतात, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. मागून येणारीला ते दिसतात. तू पहिलीत असताना सिंहीण पाठमोरी काढली होतीस आणि कानामागे काळं रंगवलं होतंस. मी म्हटलं, हे काय? तू म्हणालीस, "असतंच." मी तेव्हा तुझ्याशी वाद घातला होता. चूक माझी होती, आज कळवतो.

तर कडेची एक उठते आणि हल्ला करते. कळप उधळतो आणि पळतो कुठे, तर जिथे मधल्या दोघी बसलेल्या असतात तिथे. बऱ्याचदा जनावर पाडतात त्या मधल्याच. मोठं जनावर असेल तर एक मागून लोंबकळते, एक नरडं नाहीतर तोंड आवळून धरते. श्वास कोंडून ते मरतं.

नामिबियातल्या इटोशाच्या माळावर फिलिप स्टँडर नावाच्या संशोधकाने अशा शेकडो शिकारी पाहून 1992 मध्ये लिहिलं की जागा ठरलेल्या असतात. म्हणजे एखादी सिंहीण बहुतेक वेळा डाव्या कडेलाच जाते, दुसरी नेहमी मध्ये. आणि जास्तीत जास्त सिंहिणी आपापल्या आवडत्या जागी असल्या तर शिकार साधण्याचा संभव वाढतो. कबड्डीत तू डावा कोपरा सोडत नाहीस तसं. गेल्या वर्षी तुला मध्ये उभं केलं तेव्हा तू किती चिडली होतीस! कदाचित त्या चौघींपैकी कुणालातरी चित्रं काढायची असतील आणि तू तिला मजकूर लिहायला दिला असशील. मी म्हणत नाही की दिलासच. असशील, म्हणतोय.

आणि हे नीट लिही: सगळं करूनही बहुतेक शिकारी फसतात. जॉर्ज शॅलर हा संशोधक टांझानियातल्या सेरेंगेटीत 1966 पासून तीनेक वर्षं सिंहांच्या मागे होता. त्याला दिसलं की एकट्या सिंहापेक्षा गटाची शिकार जास्त वेळा साधते, पण गटालाही बऱ्याचदा उपाशीच परतावं लागतं. गंमत म्हणजे एवढी हुशार जनावरं वाऱ्याची दिशा बघतच नाहीत. वारा पाठीवरून समोर वाहत असला तरी खुशाल दबकत जातात आणि वास गेल्यावर झेब्रे पसार.

नर काही करत नाहीत हे मात्र लिहू नकोस, ते अर्धसत्य आहे. दाट झाडीत नर एकटे दबा धरून चांगली शिकार करतात, आणि रानरेड्यासारखं अंगावर येणारं जनावर असलं की त्यांचं वजन कामाला येतं. शिवाय इलाख्याच्या सीमेवर रात्रभर डरकाळ्या देत फिरणं हे काम आहेच. डरकाळी 8 किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. आपल्या घरी घोरणं ऐकू जातं तेवढी नाही, असं आईने इथे लिहायला सांगितलं आहे.

आता तुझी तक्रार. त्या चौघी काही करत नाहीत.

सिंहिणींमध्येही हे आहे, मुक्ता. खोटं नाही सांगत. वॉर्टहॉग नावाचं रानडुक्कर असतं, एका सिंहिणीला सहज आटोपतं. ते दिसलं की एक उठते आणि बाकीच्या बसून बघतात. चक्क बघतात! शिकार झाली की जेवायला येतात. रानरेडा असेल तर मात्र त्याच बघ्या सिंहिणी उठून कामाला लागतात, कारण एकटीला तो जमणारच नाही. सेरेंगेटीत डेव्हिड शील आणि क्रेग पॅकर यांनी हे पाहून 1991 मध्ये लिहिलं. माझा प्रश्न एवढाच, की तक्ता हे रानडुक्कर आहे की रानरेडा? तुझ्या हाताला तो फार सोपा जात असेल तर त्या बघत बसणारच.

याहून मजेदार प्रयोग 1995 साली छापून आला, रॉबर्ट हाइनसोन आणि पॅकर यांचा. त्यांनी कळपाजवळ लपवून ध्वनिक्षेपक ठेवला आणि परक्या सिंहिणींच्या डरकाळ्या वाजवल्या. म्हणजे हद्दीत घुसखोर आल्यासारखं झालं. काही सिंहिणी दर वेळी पुढे निघाल्या, काही दर वेळी मागे रेंगाळल्या. पुन्हापुन्हा केलं तरी त्याच पुढे, त्याच मागे. आणि पुढे जाणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं कोण रेंगाळणारी आहे ते. चालता चालता त्या मागे वळून बघतात. पण नंतर त्या रेंगाळणारीला ना बोचकारतात, ना कळपाबाहेर काढतात. का, याचं पटेलसं उत्तर त्यांना मिळालं नाही, आणि तसं त्यांनी लिहून टाकलंय. आणखी एक बारकावा होता. मागे राहणाऱ्यांत काही अशा निघाल्या की घुसखोर जास्त आहेत, आता खरोखर गरज आहे असं झालं की पुढे आल्या. आणि काही अशाही, की तेव्हा आणखीनच मागे गेल्या. सगळ्या एका मापाच्या नसतात. तुमच्या चौघींतली कोण कुठली, ते तुला महिनाभरात कसं कळलं?

हे वळून बघणं आपण पाहिलंय, तुला आठवत नसेल. गीरला गेलो तेव्हा तू चार वर्षांची. सकाळची फेरी, सागाची वाळकी पानं, जीपमध्ये तू माझ्या मांडीवर अर्धवट झोपेत. एक सिंहीण वाटेवर आली, ओलांडली, आणि पलीकडे जाऊन थांबली. मग खांद्यावरून मागे बघितलं. आमच्याकडे नाही, आम्ही तिच्या खिजगणतीतही नव्हतो. वाटाड्या कुजबुजला, "रुको." मी फोटो काढला. तू डोळे चोळत विचारलंस, "ती कुणाची वाट बघते?" बराच वेळ काहीच नाही. मग झुडपातून दुसरी आली, मागचा पाय जरा उचलून टाकत, अगदी सावकाश. पहिली ती जवळ येईपर्यंत उभी होती. सिंहावलोकन हा शब्द मी शाळेपासून भाषणांत ऐकत आलो होतो, पण सिंह मागे का बघत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. फोटो पाकिटात घातला आहे. त्यात पहिलीच दिसते. दुसरी यायच्या आधी मी बटण दाबून मोकळा झालो होतो.

भाषण झालं का? झालं. पुढचा परिच्छेद वगळलास तरी चालेल, तक्त्याच्या कामाचा नाही.

आई म्हणते, हा हट्ट हिच्यात कुठून आला ते विचारायची गरज नाही. अण्णांच्या आजारपणात मी सगळं एकट्याने केलं. दवाखाना, औषधं, रात्रीची जागरणं, कागदपत्रं. काका दोनदा म्हणाला, मी येतो. दोन्ही वेळा मी म्हटलं, "राहू दे, मी करतो, तुला जमणार नाही." आणि मग चार वर्षं सगळ्यांना ऐकवत राहिलो की तो आला नाही. जेवणाच्या टेबलावर तू ऐकलंस ते सगळं. 'त्या काही करत नाहीत' हे वाक्य रविवारी ऐकलं तेव्हा आवाज तुझा होता, बाकी सगळं माझंच होतं. म्हणून फोन धरून बसलो होतो. काकाला परवा फोन केला. तो हसला आणि विचारलं, मुक्ता कशी आहे. मी म्हटलं, मजेत.

आता मला एक अशी माहिती द्यायची आहे जी माझ्या विरुद्ध जाते. तू कुठेतरी वाचशीलच, म्हणून मीच देतो. सगळ्यांना वाटतं सिंह कळप करतात ते पोट भरावं म्हणून. पॅकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजलं. तुटवड्याच्या दिवसांत एकटी शिकार करणारी सिंहीण आणि पाच-सहा जणींच्या गटातली सिंहीण, दोघींच्या पोटात साधारण सारखंच मांस जातं. दोघी ते चौघींच्या गटाचं तर उलट कमी भागतं. 1990 मध्ये छापलं आहे. म्हणजे एकटीने जेवली तर ती उपाशी राहत नाही. झालं समाधान? लिही हे तक्त्यावर, कारण खरं आहे.

मग तरी एकत्र का? पिल्लांसाठी आणि जागेसाठी. सिंहीण पिल्लं लपवून जन्माला घालते, एका वेळी दोन ते चार. सहा-आठ आठवडे ती एकटीच त्यांना तोंडात धरून जागा बदलत राहते. मग ती कळपात आणते, आणि ज्यांची पिल्लं साधारण एका वयाची त्या आया एकत्र राहायला लागतात. एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात. नवे नर आले की आधीच्या नरांची लहान पिल्लं मारून टाकतात, हे वाईट आहे पण आहे. एकट्या आईला त्यांना थोपवणं फार कठीण. दोघी-तिघी मिळून उभ्या राहिल्या तर कधीकधी जमतं. एवढं करूनही निम्म्याहून जास्त पिल्लं मोठी होत नाहीत. शेजारचा कळप हद्दीत घुसला तरी तेच, जिथे जास्त जणी तो कळप टिकतो. आणि त्या मोजतात! परकी एकच डरकाळी ऐकवली तर पुढे सरसावतात. तिघींची ऐकवली तर सावध होतात, आणि दूर असलेल्या आपल्या बहिणींना बोलवायला स्वतः डरकाळ्या द्यायला लागतात. लांब कुठल्यातरी नाल्यात झोपलेल्या त्या दोघींना. भांडण होऊन गेल्या असतील का त्या? तसं कुठे वाचायला मिळालं नाही.

जेवणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण सिंहांच्या जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय तक्ता पुरा होणार नाही. शांत पंगत असते असं समजू नकोस. गुरगुरणं, चापट्या, फाटके कान. नर आले की हक्काने मधे घुसतात. 'सिंहाचा वाटा' म्हणतात तो तोच, आणि तो सिंहिणीचा नसतो. पिल्लांना शेवटी, उरलं तर. तुटवड्यात ती उपाशी मरतात. म्हणजे एकत्र जेवतात म्हणून गोडीगुलाबीने जेवतात असं काही नाही. तरी त्याच जनावराभोवती बसतात, आणि पोट भरलं की एकमेकांच्या तोंडावरचं रक्त चाटून साफ करतात आणि एकमेकांवर पाय टाकून झोपतात. दिवसातले अठरा-वीस तास. त्या बाबतीत तुझा सराव उत्तम आहे.

शेवटची एक गोष्ट, मग पुरे. डिसेंबर 2018 मध्ये गीरमध्ये एका सिंहिणीजवळ एक बिबट्याचं पिल्लू दिसलं. दोनेक महिन्यांचं. तिची स्वतःची दोन पिल्लं होती, तीनेक महिन्यांची. सिंह आणि बिबट्या म्हणजे वैर. सिंहाला बिबट्याचं पिल्लू सापडलं तर ते मारलंच जायचं. हिने त्याला दूध पाजलं. मांस खाऊ दिलं. ते तिच्या पिल्लांच्या अंगावर उड्या मारायचं, तीही त्याच्याशी खेळायची. वेगळ्या रंगाचं, वेगळ्या ठिपक्यांचं, आणि मधोमध बसलेलं. हे वाचून मी वही मिटली आणि ठरवलं की हे तुला लिहायचं.

मग पुढचं वाचलं. दीडेक महिन्याने ते पिल्लू मेलं. थांब. त्याला जन्मापासूनच शरीरात दोष होता, तपासणीत तसं निघालं. कुणी मारलं नाही, कुणी टाकलं नाही. मी हे पत्रातून गाळणार होतो. पण तू शोधून काढली असतीस आणि मग म्हणाली असतीस, बाबा अर्धंच सांगतो. शेवटपर्यंत ते त्यांच्यातच होतं, एवढं बघ.

तक्त्यासाठी राहिलेलं: पिल्लांच्या अंगावर ठिपके असतात, मोठेपणी जातात, पोटापायांवर थोडे उरतात. साधारण अकरा महिन्यांची झाली की ती शिकारीत हात घालू लागतात आणि सुरुवातीला घोटाळेच करतात, वेळेआधी उठतात, सगळी मेहनत वाया. मोठ्या त्यांना तरीही नेतात. आणि कानांमागचा काळा डाग विसरू नकोस.

स्केचपेनची दोन पाकिटं पाठवतोय. एक मी घेतलं होतं, दुसरं आईने टाकलं. कशाला दोन, असं मी विचारलं नाही. फोटो परत आण, एकच प्रत आहे.

रविवारी साडेचारला फोन करतो. जेवणाचं विचारणार नाही. आई विचारेल.

तुझा,
बाबा